हरीओमचा बिनखोट पटर

नागपूर, ५ जानेवारी २०२५

ती. साधनाताईले,
गजेंद्रचा सा. न. वि. वि.

वांगी अन् मेथी एसटीनं नीट पोचली. पत्र लिवतो कारण फोनवर आई आयकते, अन् ही गोष्ट तिच्या कानावर आत्ताच जाऊ नये.

काल आमच्या गोल्फच्या सामानाच्या दुकानात हरीओम आला. रिठदचा, तोच, ज्यानं अंगठी घालून लग्न मोडलं. तुझ्या साक्षगंधाले मी परीक्षेपायी नोतो, म्हून त्यानं मले ओळखलं नाई. त्याच्या सासऱ्याच्या, उत्तमरावच्या कंपनीचा गोल्फचा सामना हाये अन् शेवटचा चेंडू जावयानं मारायचा असं ठरलं म्हणे. त्याले पटर पायजे, म्हंजे चेंडू हळूच ढकलून गड्ड्यात घालायची काठी.

आमी पयले माणसाचा हात पायतो. कोणी पटर सरळ मांगं नेते अन् सरळ पुढं आणते. कोणाचा हात दार उघडल्यासारखा वळण घेते. दांडा जिथं डोक्याले जुळते ती पटरची मान, अन् सगळा खेळ त्या मानेवर. पटर बोटावर आडवा तोलला अन् त्याचं तोंड, म्हंजे चेंडूले लागते ती बाजू, आभाळाकडं राह्यलं तं तो सरळ हातासाठी. टोक खाली लोंबलं तं वळणाच्या हातासाठी. हरीओमचा हात पक्का वळणाचा. पण त्याले सासऱ्यासारखाच पायजे, दोनदा वाकलेल्या मानेचा. तो सरळ हातासाठी असते, अन् सासऱ्याचा हात हाये सरळ.

मी फक्त तोंड बंद ठेवायचं. चेंडू उजवीकडं जाईन अन् चार लोकांत त्याचं नाक कापलं जाईन. पंधरा दिवसांनी तो सासऱ्याले घेऊन येते. तू हो म्हण, बस.

आईले नमस्कार. माया राहू दे.
तुझा गजू

शिरपूर जैन, ९ जानेवारी २०२५

चि. गजूले,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् अंगाची आग आग झाली. पण चुकीचा पटर त्याले देजो नको. काहून, ते आयक.

साडी-चोळी झाली, अंगठी घातली, अन् मंग उत्तमरावची पोरगी अन् नोकरी पाहून यानं लग्न मोडलं. ते मी गिळलं असतं. पण त्याच्या मायनं, मनकर्णाबाईनं, साऱ्या पट्ट्यात सांगतलं की पोरीत खोट हाये. कोणती, ते नाई सांगतलं. सांगतलं असतं तं मी खोडून काढलं असतं. मंग ज्याच्या मनात आलं ते त्यानं जोडलं. कोणी म्हणे फिट येते, कोणी म्हणे अंगावर डाग हाये. मालेगावच्या बाजारात मी भाजी तोलाले लागली की बाया अजूनही माह्या हाताकडं पायतात. मले पाहाले पाहुणे येणं तं कवाचंच बंद झालं.

त्या माणसाची जातच अशी. काम बिघडलं की दुसऱ्यात खोट काढते. चुकीचा पटर देशीन तं त्याले पटरात खोट सापडन, अन् या खेपेस खरीच सापडन. तू त्याले एकदम बरोबर पटर दे. सासऱ्यासमोर तोल, सासऱ्यासमोर मारून पाहाले लाव. नाव ठेवाले जागाच ठेवू नको. मंग हारू दे.

जिकला तं काय, असं तू म्हणशीन. नाई जिकत. अंगठी घालतांना त्याचे हात कसे लटलट कापत होते ते मी पायलं हाये. चार लोकांनी पायलं की त्याचा हात राहत नाई.

थंडी लय हाये, मफलर बांधत जाय. लोभ हायेच.
ताई

नागपूर, १७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईले,
सा. न. वि. वि.

तू म्हटलं तसंच केलं. हरीओम आढेवेढे घेत होता, पण मी आखूड तिरप्या मानेचा पटर उत्तमरावच्याच बोटावर ठेवला. टोक खाली लोंबलं. मंग हरीओमनं चेंडू मारले अन् सारे गड्ड्यात. सासऱ्यानं पाठ थोपटली. खरं सांगतो ताई, मले तवा तुह्या अकलेचा राग आला होता.

काल सामना झाला. दुकानातर्फे मी गेलतो. शेवटचा चेंडू गड्ड्यापासून हातभर, लहान पोरानंही घातला असता. सारे पाहून राह्यले होते. त्याचे हात कापाले लागले अन् चेंडू डावीकडून निंघून गेला.

आज सासऱ्याले घेऊन तणतणत आला. पटर टेबलावर आदळला अन् म्हणे मान वाकडी हाये, मालातच खोट हाये. मी पटर पुन्हा उत्तमरावच्या बोटावर ठेवला. टोक होतं तसंच खाली. म्हातारा बोलला: “जावईबापू, खोट काठीत नाही. तुमच्यात आहे.”

मंग मी सांगतलं की मी शिरपूरच्या साधनाचा भाऊ. उत्तमरावनं विचारलं, कोण साधना? ताई, त्याले साक्षगंधाचं काहीच माईत नोतं. मी उभ्या उभ्या सारं सांगतलं. हरीओम दाराकडं पाहत होता.

आता आईले सांग. पाया पडतो.
गजू

शिरपूर जैन, २४ फेब्रुवारी २०२५

चि. गजूले,
पोटभर आशीर्वाद.

आईले पत्र वाचून दाखवलं. म्हाताऱ्याच्या बोलण्यापाशी आली की ती मले थांबवे अन् पुन्हा वाचाले लावे.

काल मनकर्णाबाई आली. एकटी, बसनं. उत्तमराव पोरीले घरी घेऊन गेले अन् म्हणे की ज्या घरची बदनामी केली तिथून माफी आणा, मंगच जावयानं दारात पाय ठेवावा. बाई ओसरीवर बसून रडली. आईले दया आली होती, पण मी डोळे वटारले. पाणी देल्लं, चहा नाई.

ती म्हणे, झालं गेलं इसरून जा, घरातल्या घरात माफी घे. मी म्हटलं घरातल्या घरात तुमी बोलल्या नोत्या. येत्या बाजारी मालेगावले माह्या दुकानापाशी बसा. जी बाई भाजी घ्याले येईन तिले सांगा की साधनात कोणतीच खोट नोती, आमी खोटं बोललो. दिवस मावळेपर्यंत. तिनं आईकडं पायलं, आईनं तोंड फिरवलं. मंग हो म्हणाली.

माहं मन भरलं का, असं विचारू नको. नाई भरलं. पण बाजाराच्या दिवशी मी पहाटेच जाणार हाये, अन् तिच्यासाठी बसाले पोतं सगळ्यात पुढं टाकणार हाये, उन्हात.

अशीच माया ठेव.
तुझी ताई