गुळासोबतचं पाणी

अण्णा,

पाया पडते. चंदगडकडच्या या वाडीत रेंज न्हाय, म्हणून पत्र एसटीच्या कंडक्टरकडं देते. मी बरी हाय. जेवण झकास मिळतंय.

परवा माझ्या वर्गातल्या पोरांना घेऊन झऱ्याचं पाणी चाचणीच्या बाटलीत भरलं. काल ती बाटली काळी पडली, म्हणजे पाणी पिण्याजोगं न्हाय. वरच्या गोठ्यांची घाण झऱ्यात उतरतेय, हे संध्याकाळी मोठ्यांना सांगितलं. माझ्या घरमालकीण चिमणाबाईंनी गूळ आणि त्याच झऱ्याचं पाणी पुढं केलं. "प्या की बाई. आमची पोरं ह्यावरच वाढली."

मी गूळ खाल्ला, तांब्या तसाच ठेवला. माणसं उठून गेली.

आईचा गुडघा कसा हाय? तिला यातलं काही सांगू नका.

सकाळपासून चिमणाबाई माझ्याशी बोलल्या न्हाईत. पण चुलीवर पातेलं हाय, आणि नातवाचं प्यायचं पाणी त्यात उकळतंय.

तुमची,
प्रियदर्शनी