परक्या समुद्राला आमचा नारळ

बोईसर, रविवार, १२ नोव्हेंबर १९८९

जिंकलो! आज खेळ मोडणार असंच धरून बसलो होतो. दादाने अमेरिकेहून पाठवलेल्या त्या पेटीत एक अख्खं काल्पनिक जग आहे: नकाशा, राजे, राक्षस, वीस बाजूंचा फासा. मी पेटीतलं पुस्तक बघून गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. पण कारखान्यातला देशपांडे सारखा जांभया देत होता. "परक्यांचं जग रे हे. आपलं काय त्यात?" बोचलंच ते.

मग खेळात जहाज पाण्यात लोटायची वेळ आली. जहाज हेमलताचं. ती सातपाटीची, कोळ्यांच्या घरातली, आमच्या लॅबमध्ये एरवी अगदी पुस्तकी बोलते. एकदम उसळली, "समुद्राला नारळ दिल्याशिवाय लोटायचं? आमी नाय असं करत!"

पुस्तकात नारळ नाही. पुस्तकात खाडीच्या तोंडाशी जहाज गिळणारा सर्प आहे. काय करावं? म्हटलं, टाक फासा. वीस पडले तर समुद्राने नारळ घेतला.

वीस!

सर्पाने वाट सोडली. देशपांडे चक्क खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी नारळ मी आणतो. खरा."

कुठल्या कोण माणसांनी लिहिलेलं जग, पण आमच्या नारळाला त्यात जागा निघाली! नकाशावर त्या खाडीपाशी मी आत्ताच एक नारळ काढला. पेनाने. आता तो कुणाला खोडता येणार नाही.