पासष्ट इंची भीमा

जुळे सोलापूर,
मंगळवार

आदरणीय दाजी (श्री. जोतीराम सरवदे, निवृत्त तिकीट तपासनीस, कुर्डुवाडी) यांस,

आपला एकुलता एक मेहुणा प्रदीप शिवशरण याचा मनापासून जय भीम. आक्काला वेगळा जय भीम लिहीत नाही, कारण पाकीट तिनेच फोडलं असणार. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? साखर किती? (खरी सांगा. मागच्या वेळी तुम्ही सांगितलेली साखर आणि आक्काने सांगितलेली साखर यांत साठ-सत्तरचा फरक होता.) इकडे सगळं ठीक. आई ठणठणीत आहे. दात गेले, पण आवाज जागेवर आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हांला वाटेल. फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत आक्का फोन हिसकावून घेते आणि भाजी काय केली इथपासून सुरू होते. ही हकीगत तशी तुकड्यातुकड्यांनी सांगण्याजोगी नाही. ही विजयाची हकीगत आहे. खुर्चीत नीट बसून वाचा.

आपली भीमा खो-खोच्या राज्य संघात गेली हे तुम्हांला ठाऊकच आहे. (तुम्ही कुर्डुवाडी स्टेशनावर पेढे वाटलेत हेही मला कळलं. तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या, आधी वाटलेत.) गेल्या महिन्यात तिचा सामना पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला, कर्नाटकच्या मुलींशी. आमचा टीव्ही चोवीस इंची, भीमा पाचवीत असताना घेतलेला. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती करू देत नाही ("एक ऱ्हाऊ दे जुना, वळखीचा"). टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसली आणि एका मुलीवर नजर लावून सामनाभर "पळ गं माझी बाय, पळ" म्हणत राहिली. त्या मुलीने एका खेळाडूला बाद केलं तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दाजी, ती मुलगी कर्नाटकची होती आणि बाद झाली ती आपली भीमा. आम्ही तिघंचौघं बघत होतो, पण सांगायचं कुणी? शेवटी मी सांगितलं. (सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली, माहिती दडवायची सवय नाही.) आई "माझ्या नातीला म्या वळखलं न्हाय," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस टीव्हीकडे पाठ करून बसली. विड्या वळून तिने आम्हां दोघा भावंडांना शिकवलं, आप्पा गेले तेव्हासुद्धा तिला अशी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता. (आपला संघ तिथवर पोचणार हे मी गृहीत धरलं होतं.) त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, मोठा टीव्ही येणार.

आता मोठा म्हणजे किती आणि कोणता, हा प्रश्न दुसरा कुणी गडबडीत सोडवला असता. मी तुलनात्मक तक्ता केला. चौदा टीव्ही, बावीस रकाने. उंची, रुंदी, वजन, आवाज, वॉरंटी, विजेचा खप, मेकॅनिक सोलापुरात राहतो की पुण्याहून येतो, सगळं. त्यासाठी अकरा दिवस रजा टाकून सात रस्त्यापासून होटगी रस्त्यापर्यंत एकही दुकान सोडलं नाही. काही ठिकाणी तर मला बघितलं की पोरं पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची. संघप्रियाने (म्हणजे तुमच्या मेहुण्याच्या बायकोने, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातही तोंडी उत्तरं देते) बाराव्या दिवशी विचारलं, "सामना झाल्यावर निविदा उघडायच्यात का?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. तक्त्याने पासष्ट इंची असा निष्कर्ष दिला. तुमच्याकडे दिवाळीपासून पंचावन्न इंची आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तो आकड्यांचा योगायोग आहे.

अंतिम सामना रविवारी चार वाजता. त्याच्या आधीच्या गुरुवारी आम्ही खरेदीला निघालो, तर आई नेसून दारात उभी. मी म्हटलं, आई, तू कशाला, ऊन लई हाय. ती म्हणाली, "बघायचं कुणाला हाय, तुला का मला?" आणि रिक्षात सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. दुकानात गुरु नावाचा विक्रेता होता, अक्कलकोटकडचा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारा, फार नम्र. त्याने एका ओळीत लावलेले सहा टीव्ही दाखवले. सगळ्यांवर मासे. पिवळे मासे, निळे मासे, मग एक धबधबा, मग पुन्हा मासे. मी तक्ता उघडून तेराव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि प्रश्न विचारणार, एवढ्यात आईने त्याला हाक मारली. "ए बाळा, हे मासं बंद कर की."

"आजी, दुसरं काय लावू? क्रिकेट लावू?"

"काय लावू नगं. समदंच बंद कर. सहाच्या सहा."

गुरु माझ्याकडे बघू लागला. मी संघप्रियाकडे. तिने मान हलवली, तेव्हा त्याने एकेक करत सहाही टीव्ही बंद केले. आई पहिल्यासमोर जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, डोकं इकडून तिकडून हलवलं आणि पुढे गेली. दुसऱ्यासमोर तेच. तिसऱ्यासमोर तेच. गुरुला राहवेना. "आजी, बंद टीव्हीत काय दिसतंय तुमाला?"

"म्या दिसतीया," आई म्हणाली. "मागचं दार दिसतंय, रस्त्यावरची रिक्षा दिसतीया. मला मी न्हाय बघायची, बाळा. अठ्ठ्याहत्तर वर्सं बघितली."

पाचव्या टीव्हीसमोर मात्र ती थांबली. तिथे काळं म्हणजे काळंच होतं. ना आई, ना दार, ना रिक्षा. तिने त्यावर हात ठेवला. "ह्यो द्या." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, दाजी. आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारी चार वाजता गॅलरीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. आधीच्या चारांपैकी कुठलाही नेला असता तर अंतिम सामन्यात आम्हांला आमचीच तोंडं आणि वाळत घातलेले टॉवेल दिसले असते. बावीस रकान्यांत ऊन कुठेच नव्हतं. (टीव्ही पासष्ट इंची निघाला, म्हणजे तक्ता अगदीच चुकला नाही, हे नोंदवून ठेवतो.) गुरु आईच्या पाया पडला आणि म्हणाला, आजपासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी टीव्ही बंद करून दाखवणार. त्याच्या मालकाचा चेहरा मात्र पडला.

शनिवारी टीव्ही आला. चौघांनी दुसऱ्या मजल्यावर चढवला. भिंतीला लावणारा माणूस सोमवारी येणार म्हणाले, तोवर पायांवर उभा करा. पाय लावले, उचलला, टेबलावर ठेवायला गेलो, तर एक पाय टेबलावर आणि दुसरा हवेत. दोन पायांतलं अंतर टेबलापेक्षा वीतभर जास्त. हाही रकाना नव्हता. संघप्रियाने माझ्याकडे नुसतं बघितलं. तोंडी उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी दिवाणावरची गादी काढली, फळीवर टीव्ही उभा केला आणि मागून गव्हाच्या कोठीचा टेकू दिला. रविवारी साडेतीनपासून माणसं येऊ लागली. खालच्या सारजाबाई पाटावर बसल्या, समोरच्या ब्लॉकमधली पोरं फरशीवर, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. मधोमध खुर्चीवर आई, पांढरं लुगडं, टीव्हीपासून चांगली सात-आठ हातांवर. गॅलरीतून ऊन आलं, सरळ पडद्यावर पडलं आणि पडदा जसाच्या तसा राहिला. मी त्या उन्हाकडे बोट दाखवून दोनदा सगळ्यांना सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही.

पळणाऱ्या तीन मुली मैदानात उतरल्या. एकाच रंगाचे कपडे, एकसारख्या वेण्या. निवेदकाने अजून नावं घेतली नव्हती. मला, तिच्या सख्ख्या बापाला, कोणती कोण कळेना. आणि दाजी, आई खुर्चीतून उठली. "ती! मधली! डावा खांदा उडवती बगा पळायच्या आदी. तिच्या आज्यावाणी!" आप्पा बाजार समितीत पोती उचलायचे, तेव्हा उचलण्याआधी डावा खांदा असाच उडवायचे. मी हे विसरून गेलो होतो. मग निवेदकाने नाव घेतलं, भीमा शिवशरण, सोलापूर. आई त्याच्यावरच रागावली, "आता कळलं व्हय तुला?" भीमा साडेतीन मिनिटं पळाली. खांबाला वळसा मारताना घसरली, तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत आई ओरडली, "कोपर सोललं पोरीचं! हळद लावा की रं कुणीतरी!" आपण एका गुणाने जिंकलो. सारजाबाई नाचल्या. मीही नाचलो असं म्हणतात. आई पडद्याजवळ गेली आणि दोन्ही हातांनी, काचेवरून, पासष्ट इंची भीमाची दृष्ट काढली. या वेळी बरोबर मुलीची.

तर असा हा विजय. आक्काला ही जागा दोनदा वाचून दाखवा.

आपला आज्ञाधारक आणि सध्या संपूर्ण कॉलनीत मान वर करून चालणारा,
प्रदीप

ता. क. सोमवारी भिंतीला लावणारा माणूस आला, टीव्ही झकास बसला. आईला विचारलं, आता दिसतंय का नीट? म्हणाली, "दिसतंय, लई जवळ दिसतंय. पन काल म्या येवढ्यांदा हाका मारल्या, पोरीनं एकदा बी वळून बघितलं न्हाय." पुढच्या महिन्यात भीमाचे सामने दिल्लीला आहेत. आई म्हणते, टीव्ही तुमी बघा, म्या दिल्लीला जाती. पिशवी भरली आहे. हळद आधी घातली.

आणखी एक ता. क. संघप्रियाच्या शाळेत परीक्षा आहेत. माझी रजा टीव्ही निवडण्यात संपली. तुम्ही तीस वर्षं गाडीत काढलीत, खालचा बर्थ कसा मिळवायचा हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तेव्हा दोन तिकिटं काढा, एक आईचं आणि एक तुमचं. तिला मी सोलापूरला गाडीत बसवतो, तुम्ही कुर्डुवाडीला चढा.

शेवटचा ता. क. नकार कळवायचा असेल तर मला कळवू नका. आईला कळवा. ती फोनजवळच बसली आहे.