जहाजावरचे घड्याळ घरीच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. संग्रह अधिकारी,
सागरी वस्तुसंग्रहालय, बंदर कार्यालय.

विषय : जुने क्रोनोमीटर आमच्याच घरी राहू देण्याबाबत.
संदर्भ : ते तातडीने घेऊन जावे, असा माझाच मागील अर्ज.

महोदय,

वरील विषय आणि संदर्भ यांचे आपसांत पटत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी कृपया पुढे वाचावे.

१. सदर घड्याळाने तीन जहाजांवर चाकरी केली आहे. भर समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, हे त्याच्या वेळेवरून आणि ताऱ्यांवरून काढत. एका वादळात कप्तानांनी स्वतःची घोंगडी त्यास गुंडाळली व स्वतः रात्रभर कुडकुडत बसले. (यजमान ही हकीकत जेवताना सांगतात. भाजी निवते.) नवी यंत्रे आल्यावर ते निकालात निघाले आणि शेवटच्या जहाजावरील दुय्यम अधिकारी, म्हणजे माझे यजमान, यांस निवृत्तीच्या वेळी सांभाळण्यास देण्यात आले.

२. माझ्या तक्रारी आजही खऱ्या आहेत. घड्याळ भलत्याच देशाची वेळ दाखवते आणि काट्यांना हात लावण्याची सोय नाही. पाहुणे ते बघून दचकतात व चहा अर्धा टाकून उठतात. शिवाय रोज सकाळी ठरल्या वेळी चावी दिली की यजमान स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहून सांगतात, "घड्याळाला चावी दिली." माझे ठरलेले उत्तर, "मग मी काय करू, नाचू?"

३. परवा आपले तपासनीस घड्याळ पाहण्यास नेमके त्याच वेळी आले. ते स्वतः पूर्वी जहाजावर होते. माझे उत्तर ऐकून बिचाऱ्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अहो काकू, ही वर्दी जहाजावर फक्त कप्तानाला देतात!" यजमानांना जाब विचारला, तर म्हणे, "तुला माहीत असेल असं वाटलं." धन्य आहे! इतकी वर्षे मी या माणसाला उडवून लावत होते, याचे मला फार वाईट वाटले.

४. सोमवारी आपली माणसे घड्याळ न्यायला येणार. आज यजमान चावी देऊन दारापर्यंत आले आणि काही न बोलताच मागे वळले. मी भांडी तशीच टाकून त्यांच्यामागे गेले व म्हटले, "वर्दी कुठाय?" त्यांनी ती दिली.

५. कप्तानाच्या परवानगीशिवाय जहाजावरून काहीही उतरवता येत नाही, असेही आपल्या तपासनीसांकडूनच समजले. सदर परवानगी मी देत नाही.

उत्तराची वाट न पाहणारी, तरीही नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : शनिवार, वर्दी मिळाल्यानंतर लगेच.