पत्रा वाकवण्यात गेलेली ऊर्जा

बाबा, आज रविवार, दुकान बंद आहे, आणि जेवणानंतर जरा लवंडायचं सोडून मी तुम्हांला लिहायला बसले आहे. तुम्हांला जाऊन वीसेक वर्षं होत आली, त्यामुळे हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. आई आता माझ्याकडे असते, मालवणात. ह्यांचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. आई दिवसभर पडवीत काही ना काही निवडत, सोलत असते. आत्ता चिंच फोडते आहे. तुमची नात अकरावीला आहे, सायन्सला. तिनं तुमचाच विषय उकरून काढला म्हणून हे सगळं वर आलं, नाहीतर मी कानाला खडा लावला होता की तुमच्या त्या समीकरणांच्या वाटेला जायचं नाही.

तुम्ही कॉलेजात भौतिकशास्त्र शुद्ध मराठीत शिकवायचात आणि घरी आलात की मालवणीत. दादा बारावीला होता तेव्हा त्याची शिकवणी स्वयंपाकघरातच चालायची, कारण आईच्या चुलीपुढची काळी फरशी तुम्हांला फळ्यासारखी वाटायची. खडूनं दोन गोल काढायचे, त्यांना बाण काढायचे, टक्कर झाल्यावर दोघं दोन दिशांना कसे जातात ते दाखवायचं. आई पिठाचे हात घेऊन उभी. "हयसर मी भाकरी थापू, काय तुमचे बाण पुसत बसू?" एकदा दादानं ऊर्जेलाही बाण काढला. तुम्ही त्याच्या बोटांवर खडू मारलात. "ऊर्जेक दिशा नसता रे! दिशा असता ती संवेगाक. बाण खंयचो काढतस?" दादा कसला गप्प बसतोय! तो म्हणतो, "मगे ती जाता तरी खंय?" आणि तुम्ही हसता. टकरीत संवेग, म्हणजे मोमेंटम, कुठं जात नाही, तो दोघांच्यात मिळून तेवढाच राहतो, सांगता. ऊर्जा मात्र निसटते. आवाजात जाते, तापण्यात जाते, काहीतरी वाकवण्यात जाते. मी कोपऱ्यात लसूण सोलत सगळं ऐकत असे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तुम्ही दोघं तेव्हा फार छान दिसायचात.

नारळी पौर्णिमेला तुम्ही आम्हांला इकडे मालवणला घेऊन यायचात, बंदरावर नारळ लढवायला. एकानं नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. दादाला त्याचं वेड. कानाशी हलवून, नखानं टिचकी मारून असा नारळ निवडायचा की मोठमोठ्या बाप्यांचे फोडायचा, आणि जिंकलेले नारळ पिशवीत भरून ऐटीत चालायचा. तुम्हांला तिथंही शिकवल्याशिवाय राहवायचं नाही. "मार दोनय नारळांका सारखोच बसता. फुटता मात्र एकच." दादा म्हणायचा, "फुटता तो दुसऱ्याचो!" कुणाचं ऐकायचा नाही तो, बाबा. आपलं काही फुटेल हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही.

मी नववीत होते. दादा कुडाळला एमआयडीसीत नोकरीला लागला होता आणि शनिवारी मित्राची मोटरसायकल घेऊन घरी यायचा. त्या शनिवारी आईनं त्याच्यासाठी घावणे करून ठेवले होते. तळेऱ्याजवळच्या आपल्या फाट्यावर, देवगडकडून येणारा बर्फाचा तीनचाकी टेंपो हायवेवर चढत होता, त्याच्या तोंडात दादा शिरला. मोटरसायकल टेंपोत अशी अडकली की दोन्ही गाड्या मिळून घासत गेल्या आणि थांबल्या. दादा जागच्या जागी गेला. दहावं झाल्यावर तुम्ही मला सायकलवर मागे बसवून फाट्यावर नेलंत, मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलंत. रस्त्यावर घासल्याची काळी रेघ अजून होती. तुम्ही तिची लांबी मोजलीत, ती कुठल्या बाजूला कलली होती ते मोजलंत. मला वाटत होतं, माझा बाबा टेंपोवाल्याला आता फासावर चढवणार. येताना सायकलवर मी ते आकडे मनात घोकत होते.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली होती, टेंपोवाल्याला सोडायचा नाही म्हणून. आईनं सगळ्यांसमोर विचारलं, गणित काय सांगतं? तुम्ही खाली बघून म्हणालात, "पत्रो वाकवण्यात किती ऊर्जा गेली, ता कोणाकच कळाचा नाय. ता कळल्याशिवाय वेग कळणा नाय. एक समीकरण कमी पडता." आणि तिथून उठून पोलीस स्टेशनला जाऊन लिहून दिलंत, की टेंपोवाल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बस्स. त्यानंतर तुम्ही तोंडात गुळणी धरलीत ती मरेपर्यंत. गाव म्हणालं, मास्तरान झील विकल्यान, पैसे घेऊन पोरगा विकला. आई एकदाच बोलली, "माझ्या झिलासाठी तुमका उभ्या रवाक जमला नाय." मग ती तुम्हांला वाढायची, कपडे धुवायची, शेवटच्या आजारपणात तुमचं सगळं केलं तिनं, पण तोंड उघडून तुमच्याशी बोलली नाही. दोघं दोन खोल्यांत, आणि मधे मी निरोप्या. "आईक सांग, चाय नको." "बाबांका सांग, पावस येता, छत्री न्या." संतापानं मी कॉमर्स घेतलं. म्हटलं, जो विषय स्वतःच्या पोराच्या मरणाला उपयोगी पडत नाही, तो चुलीत घाला.

गेल्या आठवड्यात तुमची नात जेवणाच्या टेबलावर तेच बाण काढत बसली होती. मी सहज म्हटलं, ह्यातली सगळी गणितं सुटत नाहीत, माहीत आहे ना? पत्रा वाकला की एक समीकरण कमी पडतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण म्हणतं? दोन्ही गाड्या अडकून एकत्र गेल्या तर उलट सोपं, आई. ऊर्जा किती वाया गेली ते कळायची गरजच नाही, त्यासाठीच तर मोमेंटम असतो. उभ्या दिशेचं एक समीकरण, आडव्या दिशेचं एक, आणि काढायचे वेगही दोनच." माझ्या हातातला आमटीचा डाव हातातच राहिला. मी म्हटलं, मग हे काढून दाखव. तुमचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, बाबा. रेघ किती लांब, कुठल्या बाजूला किती कललेली. गाड्यांची वजनं तिनं मोबाईलवर शोधली. रेघेच्या लांबीवरून टकरीनंतरचा वेग काढला, मग बाण काढले, आणि कितीसा वेळ लागला? भात शिजायच्या आत उत्तर आलं. "टेंपो बिचारा रांगत होता. एवढा जड टेंपो बाइकनं आपल्या दिशेला खेचून नेला, म्हणजे बघ! आई, हा बाइकवाला वेडा होता का गं? फाट्यावर एवढ्या वेगानं कोण जातं? मेला असणार." मी म्हटलं, हो, मेला. तिला कळेना मी ताटं न वाढता आत का गेले.

म्हणजे तुम्हांला कळलं होतं. त्याच दिवशी, त्या रस्त्यावरच कळलं होतं, मी पट्टीचं टोक धरून उभी होते तेव्हाच. टेंपोवाल्याला खोट्यात अडकवायचं नाही म्हणून पोलिसांत खरं वागलात, आणि आईच्या पोराला मेल्यावर बोल लागू नये म्हणून घरात खोटं बोललात. एका बाणाच्या चुकीसाठी पोराच्या बोटांवर खडू मारणारा माणूस आयुष्यात एकदाच चुकीचं भौतिकशास्त्र बोलला, आणि त्यापायी बायकोचा अबोला, गावाचं शेण, सगळं अंगावर घेतलं. मी आठवडाभर रडते आहे, बाबा. दुकानात नट-बोल्ट मोजताना रडू येतं, गिऱ्हाईक विचारतं, वैनी, डोळ्यांक काय झाला? किती एकटे होतात तुम्ही! मी तुमच्या शेजारच्या खोलीत होते आणि मला दिसलं नाही.

आणि आज जेवताना आईनं विचारलं. वर्षातून एकदोनदा ती विचारतेच, त्यात नवं काही नाही. "तुझ्या बापसान तेव्हा सांगल्यान, ता खरा काय गो?" मी आजवर म्हणायचे, मला काय त्यातलं कळतंय. आज मला कळत होतं. पण तिचं वय बघून, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी पानाकडे बघत म्हटलं, "खरा. एक समीकरण कमी पडता." वाटलं, चला, इतक्या वर्षांनी निदान एकदा तरी मी तुमच्या बाजूला उभी राहिले. आईनं पानातला भात बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझो बापूसव असोच खाली बघून बोललो होतो."

मी वर पाहिलं. ती रागात नव्हती. "झील माझो होतो. गाडी कशी मारी तो, माका ठावक नसतला? पैल्या दिसापासून ठावक होता. माका फक्त तेंच्या तोंडातसून ऐकूक व्हया होता. मगे दोघांनी मिळान रडलो असतो." तेवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, बाबा, वाट बघत. तुमच्याकडेही अशीच बघत असणार.

मी काय केलं असेल? दूध उतू जाईल म्हणत उठले आणि आत आले. दूध फ्रीजमध्ये होतं. ती तशीच हात धुऊन पडवीत जाऊन बसली, आणि मधे नुसतं एक दार आहे, तेही उघडंच. तिच्याशी बोलायचं सोडून मी तुम्हांला लिहीत बसले आहे.