परसातला कडुनिंब शेजारणीला

मी, अनुसयाबाई हुकुमचंद बिसेन, वय एकाहत्तर, राहणार गोंदिया, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मुलगा ओमेश्वर ते मानणार नाही.

घर व परसाची जागा माझ्या स्त्रीधनातून, माझ्याच नावे घेतलेली आहे. लग्न होऊन दरेकशाहून इथे आले तेव्हा चोहीकडे राइस मिलची धूळ. डोळ्याला हिरवं काही नाही. माहेरून आगगाडीने पत्र्याच्या डब्यात मोहाचं रोप आणलं, यजमानांनी खड्डा खणला. मग जांभूळ, कडुनिंब लावले. भर वस्तीत मोहफुलांचा वास सुटायचा. बाजाराला आलेल्या बाया फाटक लोटून सावलीत टेकायच्या.

१. घर ओमेश्वरला. त्याला भिंतीच हव्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मी गोरेगावला मुलीकडे असताना त्याने गोदामासाठी मोह आणि जांभूळ तोडले. परतले तर म्हणतो, "माय, शहरात झाडं कायले पायजे? पाह्य, घरात किती उजेड आला." मी म्हटलं, "आला ना. आता तुझं तोंड साफ दिसून राहिलं." गोदाम मी होऊ दिलं नाही.

२. मुलगी योगेश्वरी हिला सोन्याच्या पाटल्या. बाकी काही नाही. त्या वेळी मी निघते म्हटलं की "अजून थांब ना माय" करून ती अडवायची. तसं करायला भावाने फोनवर सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

३. परसाची सर्व मोकळी जागा कडुनिंबासह शेजारीण मंजूबाई ईश्वरदास जायस्वाल हिला. पाल्यावरून आम्ही जन्मभर भांडलो. "अपना कचरा खुद उठाओ," म्हणत ती पाला माझ्याकडे लोटायची. पण कुऱ्हाड कडुनिंबाकडे वळली तेव्हा हीच बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. ओमेश्वरला म्हणाली, "पहले बुढिया को आने दे." आम्ही अजून धड बोलत नाही. तरी जागा तिचीच. फाटक दिवसा उघडं ठेवावं, एवढीच अट.

४. मोहाच्या लाकडाचा पलंग ओमेश्वरने करवून घेतला आहे. तो त्यालाच लखलाभ. मला शेवटच्या दुखण्यातही त्यावर निजवू नये, हे त्याला तोंडीही सांगून ठेवलं आहे.

५. माझ्या तेरवीला ओमेश्वरने रोपं वाटू नयेत. "आईला झाडांची फार आवड होती," असं चारचौघांत म्हणू नये. ऐकणाऱ्यांना ते गोड वाटेल, म्हणूनच मनाई.

हे वाचून घेऊन, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: अनुसयाबाई हु. बिसेन

साक्षीदार:
शालीकराम उदाराम कटरे, कामठा (सही)
श्यामलाल बिसराम पटले, गोंदिया (सही)

गोंदिया, दि. १४ जून २०११