चौदा नंबरची खिडकी

मंगळवार, ७ मार्च

झालं! कागद आला. डर्बीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रेसच्या दिवशी खिडक्या शेवटच्या. त्यानंतर सगळी तिकिटं यंत्रावर — पैसे सरकवा, घोड्याचा आकडा दाबा, तिकीट घ्या. सव्वीस वर्षं मी तेच करत आले, फक्त मला मधूनमधून चहा लागायचा. साहेब म्हणाले, "तुम्हाला आता आराम." जसा काही मी मागितला होता!

सव्वीस वर्षं रेसकोर्सवर, आणि स्वतः एकही तिकीट घेतलेलं नाही. नोकरांना मनाई. लोकांना वाटतं, हिला आतल्या खबरा असणार. मला कसल्या खबरा? मला दिसतात फक्त हात. घामेजलेले, थरथरणारे, बोटातली अंगठी नुकतीच गेलेले.

घरी आले. सांगणार कुणाला? दूध तापत ठेवलं आणि उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

गुरुवार, ९ मार्च

दादाचा फोन. "आता तिथे तुझं काय ठेवलंय? इकडे ये. मुलांना बघशील, तुझ्या वहिनीला हातभार होईल." शिलाई मशीनची खोली देतात म्हणे, मशीन हलवतील. प्रेमानेच म्हणाला, खोटं कशाला लिहू. पण 'हातभार' तीनदा म्हणाला.

डर्बी झाल्यावर सांगते म्हटलं.

"अजून ते घोड्यांचं वेड आहेच का?"

वेड! वेड लोकांना असतं. मी पगारावर होते.

रविवार, १२ मार्च

आज साध्या रेसेस. गर्दी बेताची. शेजारच्या खिडकीवरची — आम्ही तिला 'सुट्टे' म्हणतो, कारण गिऱ्हाईक दिसलं की तिच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो — ती डोळे मिचकावत म्हणाली, "पुढच्या रविवारी तुझे छत्रीवाले येतील की!"

छत्रीवाले! एकोणीस वर्षं झाली. वर्षातून एकदाच येतात, डर्बीला. आभाळ कोरडं ठणठणीत असो, हातावर छत्री. सगळ्यात स्वस्तातलं एक तिकीट. आणि घोडा असा निवडतात की बघत राहावं. गेल्या वर्षी घेतलेला तर अजून धावतोय बहुतेक. एकदाच, सहा वर्षांपूर्वी, त्यांचा तीन नंबर पहिला आला. कुणी लावलाच नव्हता, त्यामुळे पैसे भरपूर. मी आठवडाभर वाट बघितली. म्हटलं, आज तरी हा माणूस हसताना दिसेल. पैसे घ्यायला आलेच नाहीत! तिकीट हरवलं असणार. वेंधळे.

बोलणं म्हणजे दर वर्षी तेवढंच. "बऱ्या आहात?" "बरी आहे. तुम्ही?" "चाललंय." फक्त आई गेली त्या वर्षी तिकीट हातात घेऊन क्षणभर थांबले. म्हणाले, "जेवत नाही वाटतं नीट." त्या वर्षी दुसऱ्या कुणी हे विचारलं नव्हतं. दादानेही नाही.

बुधवार, १५ मार्च

ठरवलं. या वेळी नाव विचारायचं. त्यात काय एवढं? घोडामैदान जवळच आहे.

शनिवार, १८ मार्च

चिठ्ठ्या निघाल्या. डर्बीला कुणी कुठल्या खिडकीवर बसायचं, ते दर वर्षी चिठ्ठी टाकून ठरतं. नाहीतर मारामाऱ्या. घोडे फिरवतात त्या रिंगणाजवळ झुंबड, आणि टोकाला माशा मारत बसायचं. मला टोकाची आली, जिन्याखालची, चौदा. सुट्टे म्हणाली, "बिचारे शोधत बसतील गं!"

सापडेन. दर वर्षी कुठेही बसले तरी बरोबर माझ्याच रांगेत येतात. माझा हात भराभर चालतो, रांग पटकन सरकते, म्हणून असेल.

केस धुतले. मग आरशात बघून स्वतःलाच हसले. सत्तावन्न पूर्ण!

रविवार, १९ मार्च

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

टोकाची खिडकी, तरी रांग जिन्याच्या वरपर्यंत. ते आले तेव्हा रेस सुटायला पाच मिनिटं होती. दम लागलेला, छत्री काखेत. माझं वाक्य तयार होतं — "इतकी वर्षं येताय, तुमचं नाव काय हो?" — पण तेच आधी म्हणाले, "चौदा."

तो घोडा सकाळीच लंगडतो म्हणून रेसमधून काढला होता. मी सांगितलं.

"चौदा नाही?"

"नाही ना. दुसरा घ्या. तेरा आहे, पंधरा आहे."

"नाही... मला चौदाच पाहिजे होता."

"अहो, धावतच नाहीये तर कुठून देऊ?"

मागून आरडाओरडा. "काका, झोपलात का?" "ओ बाई, घंटा होईल!" ते हलेनात. एकदा वर बघत, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. आणि मी — मीच! — म्हणाले, "घोडा निवडा, नाहीतर बाजूला व्हा."

"बरं," म्हणाले. झाले बाजूला.

घंटा झाली. खिडकीची फळी पाडली आणि मी धावत बाहेर आले. सगळे कठड्याला चिकटलेले, हजारो पाठी. छत्री कुठेच नाही. कुठला घोडा जिंकला ते मला बसमध्ये कळलं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते रिकाम्या हाताने गेले. माझ्या जिभेला काही हाड आहे का!

सोमवार, २० मार्च

सुट्टी. रोजची.

मंगळवार, २१ मार्च

दादाचा फोन आला. उचलला नाही.

बुधवार, २२ मार्च

दादाकडे जायचंच असं धरून जुन्या वह्या रद्दीत काढायला बसले. प्रत्येक वहीतलं डर्बीचं पान तेवढं वाचत गेले. गेल्या वर्षीचं: 'खिडकी अकरा. ऊन तोंडावर. छत्रीवाल्यांनी अकरा घेतला, आपटले.' त्याआधीचं: 'खिडकी सात. छत्रीवाले आले. सात.' आईच्या वर्षी नऊ आणि नऊ. सहा वर्षांपूर्वी तीन आणि तीन. एकोणीस पानं. सगळं माझ्याच अक्षरात!

आकडा बाहेरून रंगवलेला असतो, खिडकीच्या माथ्यावर. आत बसणारीला तो दिसत नाही. त्यांनी घोडा कधी निवडलाच नव्हता. आणि ते जिंकलेलं तिकीट हरवलं नव्हतं, पैशांसाठी परत द्यायचं नव्हतं त्यांना. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. खूप रडले.

मग दादाला फोन लावला. म्हटलं, मी येत नाही.

"अगं, मग तिथे करणार काय?"

"पुढच्या डर्बीला जायचंय."

"नोकरी गेली ना तुझी?"

"म्हणूनच," म्हटलं. "चौदा नंबरच्या बंद खिडकीशी उभं राहायचंय. बाहेरच्या बाजूला."